एनएस-वन निगेटिव्ह, तरी डेंग्यू: बाबांच्या रिपोर्टांची गोष्ट

२०२४ च्या गणपतीत माझ्या बाबांना डेंग्यू झाला. वय ६८, बीपी आहे, शुगर नाही. तेव्हापासून नातेवाईक आणि सोसायटीतले लोक मला व्हॉट्सॅपवर रिपोर्टचे फोटो पाठवून विचारतात की अगं हे पॉझिटिव्ह म्हणायचं का निगेटिव्ह. मी डॉक्टर नाही, बँकेत नोकरी करते. पण त्या दिवसांत डॉक्टरांनी इतकं नीट समजावून सांगितलं की ते एकदा लिहून ठेवावं असं वाटलं, म्हणजे पुढच्या वेळी लिंक पाठवून मोकळी. आमचा सगळा क्रम तारखांसकट लिहितेय कारण या आजारात तारीख हाच अर्धा रिपोर्ट आहे, का ते पुढे येईलच.

७ तारखेला गणपती बसले. सोमवारी ९ तारखेला संध्याकाळच्या आरतीला बाबा उठलेच नाहीत, अंगात ताप १०२, डोळ्यांच्या मागे दुखतंय म्हणाले आणि कंबर मोडल्यासारखी झालीय म्हणाले. आईने पॅरासिटामॉल दिली. त्या पावसाळ्यात पुण्यात डेंग्यू होताच, चिकुनगुन्याने तर आमच्या बिल्डिंगमधले दोन जण लंगडत होते आणि झिकाच्या बातम्याही रोज येत होत्या, त्यामुळे साधा व्हायरल असेल म्हणून थांबण्यात अर्थ नव्हता. दुसऱ्या दिवशी गौरी यायच्या होत्या, घरात फराळाचा पसारा, पण सकाळीच फॅमिली डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला की ताप नक्की कधी सुरू झाला, दिवस आणि वेळ. मी म्हटलं काल संध्याकाळी. त्यांनी केसपेपरवर वरच मोठ्या अक्षरात लिहिलं, "ताप दिवस १ = ९ सप्टें." आणि मला म्हणाले की ही ओळ आता प्रत्येक ठिकाणी सांगायची, लॅबमध्येसुद्धा. मग बीपीच्या मशीनचा पट्टा दंडाला बांधून बीपीच्या वरच्या आणि खालच्या आकड्याच्या मधोमध पाच मिनिटं तसाच दाबून ठेवला. बाबा कळवळले. पट्टा काढल्यावर कोपराच्या खाली बारीक लाल ठिपके उमटले होते, टाचणीच्या टोकाएवढे, ते डॉक्टरांनी पेनाने चौकोन काढून मोजले. ही जुनी टेस्ट आहे, यावरून डेंग्यू पक्का होत नाही पण शंका वाढते म्हणे. आमची वाढली.

लॅबमध्ये काउंटरवर मुलीने "फीवर पॅकेज" पुढे केलं, १८०० रुपये, त्यात सीबीसी म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, मलेरिया, डेंग्यूचं कार्ड, विडाल, लघवी, लिव्हरच्या टेस्ट सगळं. डॉक्टरांना फोन केला तर म्हणाले विडाल काढून टाका, तापाच्या दुसऱ्या दिवशी टायफॉइडची विडाल करणं म्हणजे पैसे वाया आणि वर डोक्याला ताप. मग सुटं केलं, सीबीसी ३०० रुपये, मलेरियाची स्लाइड १५०, डेंग्यूचं रॅपिड कार्ड ९००. इथे एक टीप, पॅकेजमध्ये "डेंग्यू" एवढंच लिहिलेलं असतं, ते कार्ड आहे का एलायझा ते विचारून घ्या. कार्ड म्हणजे प्रेग्नन्सी टेस्टसारखी पट्टी, वीस मिनिटांत रेघा दिसतात. एलायझा मशीनवर होते, लॅब बरेच नमुने जमवून एकदम लावते, त्यामुळे रिपोर्टला एखादा दिवस जातो. पक्कं निदान म्हणून सरकार धरतं ते एलायझाला. आणि गंमत अशी की राज्यात खासगी लॅबना डेंग्यूच्या एलायझासाठी ६०० रुपयांची मर्यादा घालून दिलेली आहे, म्हणजे आम्ही जास्त पैसे देऊन कमी खात्रीची टेस्ट केली. डॉक्टरांनी कार्ड मुद्दाम सांगितलं होतं कारण सणाच्या दिवसांत एलायझा कधी लागेल याचा भरवसा नव्हता, तेही खरंच.

संध्याकाळी रिपोर्ट आला. एनएस-वन निगेटिव्ह. आयजीएम निगेटिव्ह. आयजीजी पॉझिटिव्ह. मलेरिया नाही. प्लेटलेट १,६२,०००, पांढऱ्या पेशी ३,४००.

घरात सगळे खूश. बेंगळुरूहून दादाचा फोन, चला सुटलो. बाबा म्हणाले, "निगेटिव्ह आलंय ना, मग उद्या गौरी जेवायला आहेत तर मी पुरणपोळी खाणार." डॉक्टर मात्र रिपोर्ट बघून अजिबात खूश झाले नाहीत.

त्यांनी काय समजावलं ते माझ्या शब्दांत सांगते. एनएस-वन हे व्हायरसचंच एक प्रोटीन, तापाच्या पहिल्या दिवसापासून साधारण पाचव्या दिवसापर्यंत रक्तात सापडतं, म्हणून सुरुवातीला ती टेस्ट. आयजीएम म्हणजे आपल्या शरीराने नव्या इन्फेक्शनविरुद्ध बनवलेली अँटीबॉडी, ती यायला चार-पाच दिवस तरी लागतात, त्यामुळे दुसऱ्या दिवशी आयजीएम निगेटिव्ह येणारच, त्याला काही अर्थ नाही. आयजीजी म्हणजे जुनी ओळख, एकदा इन्फेक्शन झालं की वर्षानुवर्षं राहते. आता बाबांना कधी डेंग्यू झाल्याचं आम्हाला माहीतच नव्हतं, पण तापाच्या दुसऱ्याच दिवशी आयजीजी पॉझिटिव्ह म्हणजे पूर्वी कधीतरी होऊन गेलेला असणार. त्यांनी बाबांना विचारलं, "काका, कधी आफ्रिकेला जाताना यलो फीवरची लस घेतली होती का?" कारण डेंग्यू, झिका, यलो फीवर, जपानी मेंदूज्वर हे सगळे एकाच घराण्यातले व्हायरस, एकाची अँटीबॉडी दुसऱ्याच्या टेस्टमध्ये दिसू शकते. बाबा आयुष्यात नेपाळच्या पुढे गेलेले नाहीत. मग आईला आठवलं की सात-आठ वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात बाबा आठवडाभर तापाने पडले होते, तेव्हा तपासलं काहीच नव्हतं.

आणि खरी मेख पुढे आहे. डेंग्यूचे चार प्रकार आहेत. एक होऊन गेला की त्या प्रकारापासून संरक्षण मिळतं, बाकीच्या तिघांपासून नाही, उलट दुसऱ्यांदा वेगळ्या प्रकाराचा झाला तर जुन्या अँटीबॉडी व्हायरसला अडवण्याऐवजी पेशींत शिरायला मदतच करतात आणि आजार गंभीर होण्याची शक्यता वाढते. वर दुसऱ्या वेळेला एनएस-वन टेस्ट चुकण्याचं प्रमाणही जास्त, कारण जुन्या अँटीबॉडी त्या प्रोटीनला चिकटून बसतात आणि टेस्टला ते दिसत नाही. म्हणजे ज्याला जास्त धोका त्याचाच रिपोर्ट निगेटिव्ह यायची शक्यता जास्त. हे ऐकून माझ्या पोटात गोळाच आला.

डॉक्टर म्हणाले की पांढऱ्या पेशी कमी आहेत, ठिपके आलेत, सीझन आहे, मी हा डेंग्यूच धरून चालणार. पॅरासिटामॉलशिवाय तापाची-दुखण्याची कुठलीही गोळी नाही, ब्रुफेन, कॉम्बिफ्लाम, डायक्लो काही नाही, बाबांची गुडघेदुखीची गोळी आईने कपाटात वर ठेवून दिली. बाबा रोज इकोस्प्रिनही घेतात, म्हणजे ॲस्पिरिन, रक्त पातळ करणारी. ती थांबवायची का याबद्दल डॉक्टरांनी त्यांच्या हार्टच्या डॉक्टरांशी माझ्यासमोर फोनवर बोलून मग थांबवली. स्टेंट वगैरे घातलेला असेल तर हा निर्णय वेगळा असतो, त्यामुळे हे वाचून कोणी स्वतःच गोळी बंद करू नका, विचारा.

मग सुरू झाला पाण्याचा हिशेब. बाबा एलआयसीतून रिटायर झालेत, त्यांना आकडे लिहायला आवडतात, तर स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयच्या चौकोनांतच त्यांनी ताप, किती ग्लास ओआरएस, किती वेळा लघवी असं बारीक अक्षरात लिहायला सुरुवात केली. संकष्टी, एकादशीच्या शेजारी लघवीची नोंद बघून आई चिडली पण त्याचा उपयोग पुढे प्रचंड झाला. प्यायला ओआरएस, ताक, शहाळं. दर चार ते सहा तासांनी लघवी व्हायलाच हवी, नाही झाली तर फोन करा असं सांगितलं होतं.

गुरुवारी १२ तारखेला, चौथा दिवस, गौरी-गणपतीचं विसर्जन उरकलं आणि पुन्हा रक्त दिलं, या वेळी दुसऱ्या लॅबमध्ये, एलायझाच. दुसऱ्या दिवशी दुपारी रिपोर्ट आला आणि त्यात नवीनच शब्द, इक्विव्होकल. एनएस-वनची व्हॅल्यू १.०२. खाली बारीक अक्षरात छापलं होतं की ०.९ च्या खाली निगेटिव्ह, १.१ च्या वर पॉझिटिव्ह, मधलं सगळं इक्विव्होकल, म्हणजे सांगता येत नाही, काही दिवसांनी परत करा. प्रत्येक किटचे हे आकडे वेगळे असतात, एका लॅबची व्हॅल्यू दुसऱ्या लॅबशी लावून बघू नका. आणि व्हॅल्यू मोठी म्हणजे आजार मोठा असंही नाही, माझ्या मावशीने पॉझिटिव्ह व्हॅल्यू ८ आली म्हणून दोन दिवस रडून काढलेत.

आयजीएम अजून निगेटिव्ह. सीबीसी मात्र आदल्या संध्याकाळीच आली होती, प्लेटलेट ९८,०००, आणि आता मात्र रिपोर्टवर तो आकडा ठळक काळ्या अक्षरात आला. झालं. शेजारून पपईच्या पानांचा रस आला, कोणी बकरीचं दूध सुचवलं, दादाने ॲपवरून कीवी पाठवल्या. डॉक्टरांचं म्हणणं की कीवी खाऊ द्या फळ म्हणून, रसाने उलटी झाली तर मात्र मला कळणार नाही की उलटी आजाराची का रसाची. तेवढं पुरेसं होतं, पपईचा रस बेसिनमध्ये गेला.

शुक्रवारी १३ तारखेला पहाटे ताप उतरला. पूर्ण. ९८. आईने देवापुढे साखर ठेवली. मी डॉक्टरांना मेसेज केला तर त्यांचा उलट फोन, "आता खरे दिवस सुरू झाले. सकाळीच सीबीसी करा." डेंग्यूमध्ये ताप उतरल्यानंतरचे २४ ते ४८ तास सगळ्यात जपायचे असतात हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं आणि मला वाटतं बहुतेकांना माहीत नसतं, ताप गेला की माणूस ऑफिसला जातो.

सकाळच्या सीबीसीत प्लेटलेट ५४,०००. आम्ही सगळे त्या आकड्याकडे बघत होतो. डॉक्टरांनी विचारलं, "हिमॅटोक्रिट किती आहे?" मला ते कुठे लिहिलंय तेच सापडेना. काही लॅब त्याला पीसीव्ही म्हणतात, हिमोग्लोबिनच्या खाली एक-दोन ओळींवर असतं, टक्क्यांत, म्हणजे रक्तात लाल पेशींचा भाग किती ते. ४६.८ होतं. पुरुषांची नॉर्मल रेंज ४० ते ५० छापलेली, म्हणजे रिपोर्टच्या मते एकदम नॉर्मल, ठळक नाही, बाण नाही, काही नाही. पण १० तारखेच्या रिपोर्टमध्ये बाबांचं हिमॅटोक्रिट ४०.२ होतं. डेंग्यूमध्ये बारीक रक्तवाहिन्यांतून रक्तातलं पाणी बाहेर झिरपायला लागतं, पेशी आतच राहतात, म्हणून रक्त घट्ट होतं आणि हा टक्का चढतो. माणूस गंभीर होतो तो बहुतेक वेळा या झिरपण्यामुळे. मूळ आकड्यापेक्षा २० टक्के वाढ म्हणजे धोक्याची खूण, आमची १६ झाली होती. पहिल्या दिवसांतला सीबीसी जपून ठेवण्याचं कारण हेच, तुलना रेंजशी नाही, त्या माणसाच्या स्वतःच्या आकड्याशी करायची असते. मी तरी ही एक गोष्ट आता सगळ्यांना सांगत सुटलेय.

दुपारी बाबांचं पोट दुखायला लागलं आणि उलट्या झाल्या. कालनिर्णयवर लघवीची शेवटची नोंद सकाळी सातची. ही सगळी धोक्याची लक्षणं, सतत पोटदुखी, उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, फार गळून जाणं किंवा अस्वस्थपणा. संध्याकाळी सिंहगड रोडवरच्या एका हॉस्पिटलात ॲडमिट केलं.

ॲडमिशनचं सांगायचं तर डिपॉझिट २०,०००, कॅशलेससाठी आधार, पॉलिसीचं कार्ड, आधीचे सगळे रिपोर्ट आणि फॅमिली डॉक्टरांची चिठ्ठी. इन्शुरन्स डेस्कवरच्या मुलाने रिपोर्ट चाळून सरळ सांगितलं, "मॅडम, यात डेंग्यू कुठेच पॉझिटिव्ह नाहीये, क्वेरी येणार." आली. तासाभरात टीपीएचा, म्हणजे इन्शुरन्स कंपनीतर्फे क्लेम बघणाऱ्या एजन्सीचा मेल, डेंग्यूचा खात्रीचा रिपोर्ट जोडा आणि ॲडमिशनची गरज स्पष्ट करा. डॉक्टरांनी पत्र लिहून दिलं, त्यात हिमॅटोक्रिटचे दोन्ही आकडे, पोटदुखी, उलट्या, कमी लघवी असं सगळं तारखांसकट. सुरुवातीची १५,००० ची मंजुरी रात्री अकराला आली.

शनिवारी रात्री खरी परीक्षा. सलाइन चालू होतं, दर काही तासांनी रक्त घेऊन हिमॅटोक्रिट बघून सलाइनचा वेग बदलत होते, पाणी कमी पडलं तरी वाईट आणि जास्त झालं तर छातीत भरतं, वय ६८ त्यामुळे जपूनच. रात्री दहाच्या रिपोर्टमध्ये प्लेटलेट २२,०००. दादा फोनवर ओरडायला लागला की प्लेटलेट का चढवत नाहीत, मी डोनर शोधू का. चौकशी केली तर एका डोनरकडून मशीनवर काढलेली बॅग साधारण ११,००० ची. ड्युटीवरची डॉक्टर मुलगी अगदी तरुण होती पण हलली नाही. तिने स्लाइड मागवून हाताने मोजायला सांगितलं, कारण नव्या प्लेटलेट आकाराने मोठ्या असतात आणि मशीन त्यांना प्लेटलेट म्हणून मोजतच नाही, शिवाय कधीकधी ट्यूबमध्येच त्यांच्या गुठळ्या होतात. स्लाइडवर ३८,००० निघाल्या. रक्तस्राव नसेल तर साधारण १०,००० च्या खाली गेल्याशिवाय चढवायची गरज नसते असं तिने दादाला फोनवर शांतपणे दोनदा सांगितलं. चढवल्याच नाहीत शेवटपर्यंत.

रविवारी, सातव्या दिवशी, आयजीएम एलायझासाठी वेगळी ट्यूब घेतली. हीच टेस्ट सरकारी सेंटिनल हॉस्पिटलांमध्ये, म्हणजे डेंग्यूवर लक्ष ठेवायला सरकारने नेमलेल्या हॉस्पिटलांमध्ये, फुकट होते आणि तिथे वापरतात ती आयजीएमची किट आपल्या पुण्याच्याच राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतून, एनआयव्हीतून, देशभर जातात. खर्चाचा प्रश्न असेल तर ससूनसारख्या सरकारी हॉस्पिटलात जरूर विचारा.

सोमवारी बाबांच्या पायांवर लाल चट्टे उठले, मध्ये मध्ये पांढरे गोल राहिलेले, आणि तळहातांना अशी खाज की त्यांनी कंगवा मागितला. मी घाबरले, नर्स हसली, म्हणाली काका बरे होतायत. हिमॅटोक्रिट ३९, प्लेटलेट ६१,०००, भूक लागली, वरणभात मागितला. संध्याकाळी आयजीएम पॉझिटिव्ह आला. आजारात पहिल्यांदा "पॉझिटिव्ह" बघून इन्शुरन्स डेस्कवरचा मुलगा आणि मी दोघंही आनंदलो, हे लिहिताना विचित्र वाटतंय पण तसंच झालं.

१७ तारखेला डिस्चार्ज, अनंत चतुर्दशी. सकाळी दहाला डॉक्टरांनी घरी जा म्हटलं आणि फायनल मंजुरी संध्याकाळी सहाला आली. बिल ६१,४००, त्यातले ४,६५० आमच्या खिशातून, ग्लोव्हज, सिरिंज, फाइल चार्जेस असलं पॉलिसीत न बसणारं. डिस्चार्ज कार्डावर तापाची पहिली तारीख आणि एलायझाचा उल्लेख आहे ना ते तिथेच तपासा, नंतर दुरुस्ती करायला फार हेलपाटे पडतात असं शेजारच्या बेडवाल्यांनी सांगितलं.

डेंग्यूची केस महापालिकेला कळवणं हॉस्पिटलला बंधनकारक असतं, त्यामुळे दोन दिवसांत कीटक विभागाचे लोक घरी आले. त्यांनी फ्रिजच्या मागचा ट्रे, मनी प्लँटची बाटली, कुंड्यांखालच्या बशा बघितल्या, घरात काही सापडलं नाही. गच्चीवर पाण्याच्या टाकीचं झाकण तुटलेलं होतं, बॅटरीच्या उजेडात अळ्या वळवळताना स्पष्ट दिसल्या, सोसायटीला नोटीस मिळाली आणि जे झाकण आम्ही जूनपासून मागत होतो ते दुसऱ्या दिवशी बसलं.

३० तारखेच्या सीबीसीत प्लेटलेट २,४०,०००, इकोस्प्रिन परत सुरू. बाबांना आयजीएम परत करून निगेटिव्ह झालंय का बघायचं होतं, डॉक्टर म्हणाले काही गरज नाही, ती दोन-तीन महिने पॉझिटिव्ह राहू शकते. उलट तेवढ्या काळात परत ताप आला तर नुसत्या आयजीएमवरून नवा डेंग्यू म्हणू नका. थकवा मात्र दिवाळीपर्यंत टिकला, जिना चढून आले की बसायचे.

ॲडमिट होण्याआधीच्या तपासण्यांचे पैसेही पॉलिसीतून मिळतात, आमच्यात ३० दिवस आधीपर्यंतचे. एलायझाचे आणि सीबीसीचे मिळाले. रॅपिड कार्डाचे ९०० नामंजूर झाले, कारण त्या लॅबने पावतीवर डॉक्टरांचं नाव न घालता "सेल्फ" लिहिलं होतं. पावती घेतानाच ते नाव बघून घ्या.